क्लोरीननं हवा शुद्ध होत नाही हो! ग्रुपवर फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

थंडी पडली की आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात दरवर्षी कसले ना कसले मेसेज फिरायला लागतात. यंदाचा मेसेज मला चार ठिकाणांहून आलाय, गल्लीच्या ग्रुपवर, माहेरच्या निपाणीच्या ग्रुपवर, जुन्या मैत्रिणींच्या आणि भजनी मंडळाच्या सुद्धा. वर लिहिलंय 'शास्त्रीय माहिती, जास्तीत जास्त शेअर करा'. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते त्यात काय आहे ते. क्लोरीन जंतू मारतो, पिण्याच्या पाण्यात घालतात, म्हणून हवेत थोडा असला तर हवा शुद्धच होते. हवेतला क्लोरीन समुद्राच्या मिठातनं येतो, घाटावरच्या गावांचा त्याच्याशी काही संबंध नाही. क्लोरीन ओझोन खातो, मग शहरातला ओझोन तो कमीच करणार. सकाळचं धुकं हे नुसतं दंव आहे, प्रदूषण काय ते गाड्यांचं. एक्यूआयमध्ये (हवा किती खराब ते सांगणाऱ्या आकड्यात) क्लोरीन मोजतच नाहीत, म्हणजे तो धोक्याचा नाही. आणि शेवटी एक सल्ला, की गल्लीतला कचरा पहाटे वारा नसताना पेटवावा आणि वरनं मूठभर ब्लीचिंग पावडर टाकावी, धुरातले जंतू मरतात आणि डासही जातात.

हा शेवटचा सल्ला वाचल्यावर मला गप्प बसवेना. मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते, वीस वर्षं झाली आता, आणि यातलं जवळजवळ सगळं मुलांच्या सिलॅबसमध्ये कुठं ना कुठं आहे, फक्त तुकड्या-तुकड्यानं आहे. गल्लीच्या ग्रुपवर ज्या काकांनी हा मेसेज टाकला ते कुणाचंही काम अडलं तर सगळ्यात आधी धावून जाणारे आहेत, त्यांनी चांगल्या मनानंच पाठवलाय हे मला माहीत आहे. म्हणून काका, राग मानू नका, पण एकेक मुद्दा घेऊन सांगते.

ब्लीचिंग पावडरचं आधी घेते, कारण बाकीचं वाचायच्या आत आज रात्री कुणीतरी हे करून बघेल.

ब्लीचिंग पावडर आगीत टाकू नका. अजिबात नको. ती स्वतः आग भडकवणाऱ्या जातीची आहे, म्हणजे तापली की तिच्यातनं ऑक्सिजन सुटतो आणि कागद, तेलकट चिंध्या, पाला असलं काही खाली असेल तर ते एकदम भप्पकन पेटतं, टाकणाऱ्याचा हात आणि तोंड भाजू शकतं. शिवाय कचऱ्यात पिळलेली लिंबं, चिंचेचा चोथा, खराब झालेलं ताक असलं आंबट काही असतंच, आंबट लागलं की ब्लीचिंगमधनं क्लोरीन वायू बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा अडीच पट जड आहे, तो वर निघून जात नाही, जमिनीलगत पसरतो, आणि जमिनीलगत कोण असतं हो थंडीच्या पहाटे? शेकत बसलेली म्हातारी माणसं आणि त्यांच्या कुशीतली पोरं. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर हाच वायू वाऱ्यावर सोडला होता, तो खंदकात उतरला आणि आतले सैनिक गुदमरून मेले. आपल्या गल्लीतल्या मुठीचं प्रमाण त्याच्यापुढं काहीच नाही हे खरं, पण ज्याला दमा आहे त्याला तेवढंसुद्धा पुरतं. (आणि एक जाता जाता, संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकाच वेळी वापरू नका, बंद बाथरूममध्ये हाच वायू तयार होतो.)

आता पाण्याचं. पाण्यात क्लोरीन घालतात ते बरोबरच आहे, राकसकोप धरणाचं पाणी तसंच्या तसं प्यालो असतो तर दर पावसाळ्यात गावभर हगवण लागली असती. पण तिथं प्रमाण बघा, नळापर्यंत पोचलेल्या एका लिटर पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं, म्हणजे चिमटीचा सुद्धा हजारावा भाग. आणि तो पाण्यात विरघळून काम करतो, पोटात गेल्यावर अन्नाशी लागून संपतो. फुफ्फुसाचं तसं नाही. हवेतले जंतू मरतील एवढा क्लोरीन हवेत सोडला तर त्या हवेत श्वास घेणाऱ्याच्या घशाची आणि फुफ्फुसाची आतली नाजूक कातडी आधी जळते. कोविडच्या वेळी रस्त्यांवर आणि माणसांवर सुद्धा हायपोक्लोराइटचे (ब्लीचिंगच्या पाण्याचे) फवारे मारले होते आठवतंय का, तेव्हा २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं की उघड्यावर फवारू नका, उपयोग नाही आणि माणसांवर तर मुळीच नको. आपल्या केंद्राच्या आरोग्य खात्यानंही माणसांवर फवारायला मनाई केली होती.

इथंच एक गोष्ट स्पष्ट करते कारण सगळा घोळ तिथनं सुरू होतो. क्लोरीन हे एकाच मूलद्रव्याचं नाव आहे, पण तो कुठल्या रूपात आहे त्यावर सगळं अवलंबून असतंय. मिठात तो सोडियमला धरून शांत बसलेला असतो, ते आपण आमटीत घालतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफेत तो हायड्रोजनला धरून असतो, ती वाफ घसा जाळते. क्लोरीन वायूत दोन क्लोरीन एकमेकांना धरून असतात. आणि चौथं रूप म्हणजे एकटा सुटा क्लोरीन अणू, तो कुणालाच धरून नसतो, समोर येईल त्याला पकडतो. शहराच्या हवेत ही सगळी रूपं एकातनं दुसऱ्यात जातात, एका रात्रीत सुद्धा. मेसेजमध्ये या चौघांना एकच समजून सगळं लिहिलंय.

आता धुकं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

आमच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी कल्हईवाला बसायचा, जमिनीत छोटा खड्डा, भाता, कोळसे. पितळेचं पातेलं लालसर तापलं की तो चिमूटभर पांढरी पावडर आत टाकायचा आणि भसकन पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी फिरवून कापसानं पुसलं की पातेलं चांदीसारखं. ती पावडर म्हणजे नवसागर. केमिस्ट्रीत त्याला अमोनियम क्लोराइड म्हणतात. तापलेल्या भांड्यावर नवसागर फुटतो, त्याचा अमोनिया वेगळा होतो आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ वेगळी होते, ती वाफ पितळेवरचा काळा थर खाते म्हणून कल्हई चिकटते. आणि दोन्ही वायू वर जाऊन गार झाले की पुन्हा एकमेकांना भेटून नवसागर होतात, तोच तो पांढरा धूर. वायू आपल्याला दिसत नव्हते, धूर दिसतो कारण ते बारीक कण आहेत. ज्यांनी एसएसएलसीला, म्हणजे दहावीला लॅबमध्ये अमोनियात बुडवलेली काचेची कांडी ॲसिडच्या बाटलीच्या तोंडाशी धरली असेल त्यांनी हेच बघितलंय.

आता हीच गोष्ट गावाएवढी मोठी करून बघा. अमोनिया आपल्याकडं भरपूर आहे, गोठे आहेत, शेणाचे ढीग आहेत, शेतात युरिया आहे, गटारं आहेत. फक्त ॲसिडची वाफ कुणीतरी द्यायची बाकी असते, ती आपण कचरा जाळून देतो. दुपारी ऊन असतं तेव्हा हे दोघं वेगवेगळेच राहतात, कल्हईवाल्याच्या तापलेल्या भांड्यासारखं. रात्री गारवा पडला, ओलावा वाढला की दोघं जुळतात आणि नवसागराचे अतिबारीक कण तयार होतात. नवसागर पाणी ओढणारा आहे, पावसाळ्यात मीठ कसं पाझरतं तसा, हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या आसपास गेला की तो कण पाणी पिऊन फुगतो. फुगलेला कण उजेड जास्त विखुरतो. तुम्हाला समोरचा रस्ता दिसेनासा होतो तो या फुगलेल्या कणांमुळं.

हे माझ्या मनानं सांगत नाही. मद्रास आयआयटीचे सचिन गुंठे आणि त्यांच्या सोबतच्या भारतातल्या नि बाहेरच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या हवेचं मोजमाप केलं आणि २०२१ साली नेचर जिओसायन्समध्ये छापलं. थंडीत दिल्लीवर जे दाट धुरकं बसतं त्यात कणांनी ओढलेलं पाणी आणि त्यामुळं कमी होणारं दिसणं, यातला जवळपास अर्धा वाटा त्यांनी या हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफेला दिला, आणि ती वाफ येते प्लास्टिक मिसळलेला कचरा जाळण्यातनं आणि काही कारखान्यांतनं. दिल्लीचा आकडा उचलून बेळगावला चिकटवायचा नाही, दिल्लीची थंडी वेगळी, माणसं किती, हवा कशी कोंडते ते वेगळं, आपण साडेसातशे मीटर उंचीवर आहोत. पण केमिस्ट्री काही गाव बघून बदलत नाही. कचरा तोच, गोठे आहेतच, डिसेंबरची पहाट गार आणि ओली.

आणि हो, धुकं नैसर्गिक नसतंच असं मी म्हणत नाही. चोर्ला घाटाकडं किंवा जांबोटीच्या पुढं जंगलात जे धुकं उतरतं ते दंवच असतं, त्याला वास नसतो, त्यात उभं राहिलं की बरं वाटतं. गल्लीतल्या धुक्यात डोळे चुरचुरतात, घशाला खवखव येते, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांना जळकट वास येतो. तुम्ही दोन्हीकडं राहिलेले आहात काका, फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

म्हणून 'पहाटे वारा नसताना पेटवा' हे तर अगदीच उलटं आहे. थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते आणि वर तुलनेनं ऊबदार हवेचं झाकण बसतं. त्या झाकणाखाली लावलेला धूर कौलाच्या उंचीवर आडवा पसरतो आणि तिथंच राहतो, सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत. वारा नाही म्हणजे धूर कुणाला त्रास देत नाही असं मेसेजवाल्याला वाटतं, पण वारा नाही म्हणजे धूर आपल्याच उशाशी.

समुद्राचा मुद्दा. चोर्ला उतरलं की गोवा, म्हणजे समुद्र काही फार लांब नाही, पण ते सोडा. अमेरिकेत कोलोरॅडो म्हणून राज्य आहे, तिथं बोल्डर गावाजवळ शास्त्रज्ञांनी हवा तपासली, सगळ्यात जवळचा समुद्र तिथनं सुमारे १४०० किलोमीटर, आणि तरी रात्रीच्या हवेत क्लोरीनचं एक चळवळं संयुग सापडलं जे तोवर किनाऱ्यावरचंच समजत होते. २०१० साली ते छापून आलं. तेव्हापासून 'समुद्र नाही म्हणजे क्लोरीन नाही' हे म्हणणं संपलेलं आहे.

मग घाटावर येतो कुठनं? आपल्याच घरातनं बघा. पीव्हीसी नावाचं जे प्लास्टिक आहे त्याच्या वजनातलं निम्म्याहून जास्त, साधारण ५७ टक्के, क्लोरीनच असतं. वायरीचं वरचं कव्हर, पाण्याचे पाइप, रेक्झिन, बऱ्याच चपला, आणि फ्लेक्स. तीनेकशे अंशाच्या आत-बाहेर तापलं की पीव्हीसीतला क्लोरीन हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ होऊन सुटायला लागतो, त्याला मोठा जाळ सुद्धा लागत नाही. सगळं प्लास्टिक असं नसतं हे पण सांगायला पाहिजे, दुधाची पिशवी किंवा साधी कॅरीबॅग यात क्लोरीन नसतो, ती जाळल्यावर काजळी आणि इतर विष निघतं पण ही वाफ नाही. म्हणून गल्लीतल्या ढिगात एक तुटकी चप्पल आणि दोन हात वायर आहे का नाही यावर धूर कसला ते ठरतं.

फ्लेक्सचं दुखणं आपल्याकडं मोठं आहे. वाढदिवस, जयंती, निवडणूक, गणपती, प्रत्येकाला कमान आणि दहा फ्लेक्स. कर्नाटकानं २०१६ मध्येच प्लास्टिक फ्लेक्सवर बंदी घातली, केंद्रानं १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर बंद केले, तरी उतरलेला फ्लेक्स आधी सरपणावर झाकायला जातो, मग फाटला की न्हाणीतल्या चुलीत हंड्याखाली. मी स्वतः बघितलंय, आमच्या ओळखीच्या एका घरात सून पहाटे पाच वाजता फ्लेक्सच्या पट्ट्या करून चूल पेटवायची कारण लवकर पेट घेतो, न्हाणीला एक छोटी खिडकी, आणि तिचं पोर तिथंच पाटावर आंघोळीची वाट बघत. त्या पोराला दर थंडीत खोकला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं हो, सांगितल्यावर तिनं त्या दिवसापासून बंद केलं.

दुसरी वाट शेतातनं. मी निपाणीची, आप्पांचा तंबाखू होता. आप्पा तंबाखूला लाल पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, कधी घालू द्यायचे नाहीत, महाग पडलं तरी सल्फेटच. म्हणायचे, म्युरेट घातलेलं पान नीट जळत नाही, गिऱ्हाईक परत देतंय. कारण म्युरेटमध्ये जवळजवळ निम्मं वजन क्लोरीनचं असतं, तंबाखूचं झाड ते पानात साठवतं आणि पान जळायला कुचराई करतं. म्हणजे जमिनीत घातलेला क्लोरीन पानात येतो हे निपाणी भागातल्या तंबाखूवाल्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे. आता उसाला तेच म्युरेट बिनधास्त घालतात, उसाचं तसं काही बिघडत नाही. पण चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक, हुक्केरी असा सगळा पट्टा तोडणीनंतर पाला पेटवतो तेव्हा त्या पाल्यातला क्लोरीन पोटॅशियमला धरून बारीक कण म्हणून आणि थोडा ॲसिडची वाफ म्हणून हवेत जातो. ओल्या कचऱ्यातलं मीठ पण आहेच, उरलेली भाजी, लोणचं, खारे दाणे. (दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकतो त्यानं काही होत नाही, तेवढ्यावरनं आजीला बोलू नका.)

आता ओझोनचा मुद्दा, हा मेसेजमधला सगळ्यात हुशार मुद्दा आहे कारण तो अर्धा खरा आहे. वर पंधरा-वीस-तीस किलोमीटरवर जो ओझोनचा थर आहे तिथं सुटा क्लोरीन अणू ओझोन फोडतो, ओझोन कसा बनतो नि कसा फुटतो यावरच्या कामासाठी क्रुत्झेन, मोलिना आणि रोलंड यांना १९९५ चं नोबेल मिळालं, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानं जुन्या फ्रीजमधले वायू बंद झाले. पण तिथं वर पेट्रोलची वाफ नाही, रंगाचा थिनर नाही, जळक्या लाकडाचा धूर नाही. खाली गल्लीत क्लोरीन अणू सुटला की त्याला ओझोनच्या आधी हेच पदार्थ भेटतात आणि तो त्यांच्यावरच झडप घालतो. हवा साफ करायचं काम एरवी हायड्रॉक्सिल नावाचा एक कण करत असतो, एलपीजीतल्या प्रोपेन-ब्युटेनसारख्या वायूंवर क्लोरीन अणू त्याच्यापेक्षा शंभरेक पट वेगानं तुटून पडतो. ते वायू अर्धवट तुटतात, त्यातनं जे तुकडे होतात ते गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडशी आणि उन्हाशी मिळून नवा ओझोन बनवतात. म्हणजे वरच्या मजल्यावर जो ओझोन खातो तोच खालच्या मजल्यावर ओझोन पिकवायला मदत करतो. आणि खालचा ओझोन फुफ्फुसाला वाईट, पिकालाही वाईट.

पण हा सुटा अणू गल्लीत येतो कुठनं, ते सांगते, कारण रात्रभर काय चालतं ते कळलं की सकाळच्या हवेकडं बघायची नजर बदलते. हायवेवर रात्रभर पुणे-बेंगळुरू ट्रक चालू असतात, त्यांच्या धुरातला नायट्रोजन ऑक्साइड अंधारात ओझोनशी मिळून हळूहळू एक पाच ऑक्सिजनवाला रेणू तयार करतो, त्याचं नाव डायनायट्रोजन पेंटॉक्साइड, दिवसा तो टिकत नाही. हा रेणू संध्याकाळच्या कचऱ्याच्या धुरातले क्लोराइडवाले ओले कण गाठतो, आणि त्यांच्यातनं क्लोरीन ओढून नायट्रिल क्लोराइड नावाचा वायू बनतो. बोल्डरला सापडला तो हाच. लॅबमध्ये मिठावर हा प्रकार १९८९ सालीच दाखवला होता, मोकळ्या हवेत पहिल्यांदा टेक्सासच्या किनाऱ्यालगत मोजला आणि २००८ ला छापला. रात्रभर तो साठत राहतो, काही करत नाही. सूर्य उगवला की उजेडानं तो फुटतो, एक सुटा क्लोरीन अणू आणि एक नायट्रोजन डायऑक्साइड. बाकीची हवा अजून झोपलेली असते तेव्हा हा अणू कामाला लागलेला असतो. आपण मॉर्निंग वॉकला बाहेर पडतो ती वेळ.

म्हणून 'प्रदूषण फक्त गाड्यांचं' हे पण खरं नाही आणि 'फक्त कचऱ्याचं' हेही नाही. ट्रकचा धूर नसता तर कचऱ्यातला क्लोरीन मीठ होऊन पडून राहिला असता, कचऱ्याचा धूर नसता तर ट्रकच्या धुराला हा साथीदार मिळाला नसता. दोघं मिळून करतात. ट्रक थांबवणं माझ्या-तुमच्या हातात नाही, काडी ओढणं आहे.

एक्यूआयचा मुद्दा पटकन संपवते. आपल्या एक्यूआयमध्ये आठच गोष्टी धरतात, पीएम १० आणि पीएम २.५ (हवेतले बारीक आणि अतिबारीक कण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. यात क्लोरीनचं नाव नाही हे खरं. पण नवसागराचा कण पीएम २.५ मध्ये मोजला जातोच, आणि क्लोरीननं पिकवलेला ओझोन ओझोनमध्ये. नाव वेगळं छापत नाहीत एवढंच. शिवाय ॲसिडच्या या वाफेचा त्रास काल-परवा कुणी शोधून काढलेला नाही. इंग्लंडमध्ये सोडा बनवणारे कारखाने ही वाफ धुराड्यातनं सोडायचे, आजूबाजूची झाडं नि पिकं जळायची, म्हणून १८६३ साली तिथं अल्कली कायदा केला, कारखान्यानं ९५ टक्के वाफ पाण्यात जिरवलीच पाहिजे. हवेच्या प्रदूषणावरच्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी तो एक. त्याचा पहिला इन्स्पेक्टर होता रॉबर्ट अँगस स्मिथ, 'आम्लपाऊस' हा शब्द रूढ केला तोच हा माणूस. आणि बेळगावचं नाव केंद्राच्या प्रदूषित शहरांच्या यादीत नाही, कर्नाटकातली बेंगळुरू, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी आहेत, हेही कुणीतरी खाली कमेंटमध्ये लिहिलंय. नाही हे चांगलंच आहे. पण पोराचा खोकला यादी बघून येत नाही.

आता शेवटचं, आणि याच्यासाठी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तांब्यासाठी वायर जाळणं. आमच्या मागच्या एका मोकळ्या प्लॉटवर अंधार पडला की दोन-तीन पोरं वायरीचा गुंडाळा पेटवतात, काळा धूर, हिरवट निळी ज्योत, ती हिरवट ज्योत म्हणजे तांबं आणि क्लोरीन एकत्र आल्याची खूण. पोरं बारा-चौदा वर्षांची, आगीपासनं हातभर अंतरावर. पीव्हीसी अर्धवट जळतं तेव्हा डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, २०० ते ४५० अंशाच्या मधे जास्त, आणि तांबं ही क्रिया वाढवतं. म्हणजे क्लोरीन, धुमसणारी आग आणि तांबं, तिन्ही एकाच ढिगात. यातलं सगळ्यात वाईट जे डायॉक्सिन आहे त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९९७ सालीच माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलंय. ते हवेत फार राहत नाही, गवतावर, कडब्यावर बसतं, गाय-म्हैस खाते, आणि दुधाच्या सायीत साठतं, कारण त्याला चरबी आवडते. माणसाच्या अंगात डायॉक्सिन जातं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त अन्नातनंच, मांस, दूध, मासे. आपलं गाव कुंद्यावर ओळखलं जातं, कुंदा म्हणजे आटवलेलं दूध, आपल्याला तरी हे मनाला लागायला हवं.

उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली, हरित लवादानं त्याच वर्षी डिसेंबरात साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये दंड सांगितलाय. पण त्या पोरांना दंड लावून काय होणार हो, त्यांना शंभर-दोनशे रुपयांसाठी हे करावं लागतंय. मी त्यांच्याशी बोलले. तांबं जाळून काढलं की काळं पडतं, सोललेलं लखलखीत तांबं भंगारवाला जास्त भावानं घेतो, हे त्यांना माहीत होतं पण सोलायला वेळ लागतो म्हणाली. मग उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माझ्या दिरानं त्यांना एक साधी सोलणी करून दिली, लाकडाच्या फळीत बसवलेलं ब्लेड, वायर आत घालून ओढायची, कव्हर उभं चिरतं. बारीक वायरीला अजून नीट जमत नाही, जाड वायरीला जमतंय. परवापासनं त्या प्लॉटवर आग दिसलेली नाही.

काका, कव्हरचा जो ढीग साठतो तो ठेवायला जागा पाहिजे, तुमच्या मागच्या शेडमध्ये एक कोपरा मिळेल का? आणि ग्रुपवरचा तो मेसेज तेवढा काढून टाका, निदान ब्लीचिंग पावडरची ओळ तरी, आज रात्रीच्या आत.